साथीदाराचे अर्धे तिकीट

या सदरात मी एरवी पुस्तकांविषयी लिहितो. दिवाळी अंकात मात्र संपादक थोडी मोकळीक देतात, म्हणून यंदा पुस्तक बाजूला ठेवून एका तिकिटाविषयी लिहावे म्हणतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची चार माणसे एका लग्नासाठी एस.टी.ने निघालो. वडील, दादा, वहिनी आणि मी. कंडक्टर तरुण होता. मनाने चांगला, पण कामात चोख. त्याने आधी वडिलांचे आधारकार्ड पाहिले आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून त्यांच्या हातावर ठेवले. वडिलांना ७९ वे चालू आहे, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पुरी केलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे. वडिलांनी ते शून्याचे तिकीट दोनदा उलटून पाहिले, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवले. मग वहिनी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट. तेव्हा वहिनीने नेमके निम्मे पैसे आधीच मुठीत धरले होते. मग दादा. दादाच्या दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झाला. अपंगांना तिकिटात शंभरातले पंचाहत्तर माफ, म्हणून त्याचे पाव तिकीट. उरलो मी.

"मी यांचा साथीदार," मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, आणि निम्मे पैसे पुढे केले.

कंडक्टरने दादाचे कार्ड पुन्हा मागून घेतले. जुने नव्हे, नुकतेच आलेले नवे. ते खिडकीच्या उजेडात धरून तो म्हणाला, "सर, साथीदाराला पासष्ट टक्के लागतात. ह्यांचे त्रेसष्ट आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन मार्कांनी गेलं," तो म्हणाला, आणि त्याने माझे पुरे तिकीट फाडले. फाडले म्हणजे यंत्रातून काढले. आमच्या पिढीच्या तोंडून फाडणे काही जात नाही.

एकाच पातेल्यातला चहा पिऊन निघालेली, एकाच मांडवात जाणारी चार माणसे, आणि दर चार! वहिनीला हसू आवरेना. "भावजी, तुम्हीच एकटे पुऱ्या किमतीचे निघालात," ती म्हणाली.

मला मात्र हसू आले नाही, आणि त्याचे कारण पैसे हे नव्हते. पैसे नव्हते असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले. ते पूर्ण खरे नसावे. पण मुख्य कारण निराळेच होते, आणि ते सांगायचे तर चार महिने मागे जायला हवे.

दादाच्या खिशात वीस-पंचवीस वर्षे एक ओळखपत्र होते. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाचे, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले. घडीच्या जागी ते तीनदा फाटले आणि तीनदा चिकटपट्टीने सांधले गेले. त्यावरच्या फोटोत दादाला मिशी नव्हती. एस.टी.त ते दाखवले की सवलत मिळे. अपंगत्व ७० टक्के, असा त्यावर एका कोपऱ्यात शेरा होता. ६५ च्या वरच्यांच्या सोबतीच्या माणसाला निम्मे तिकीट लागते, त्यामुळे आम्ही दोघे कुठे निघालो की माझे तिकीट अर्धे, हे इतके अंगवळणी पडले होते की ते सत्तर मी कधी नीट वाचलेही नव्हते.

पुढे सगळे बदलले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र संगणकावरूनच द्यायचे असे ठरले, आणि साऱ्या देशात चालेल असे एकच कार्ड आले. इंग्रजीत त्याला 'युनिक' म्हणतात. म्हणजे एकमेव, दुसऱ्या कुणाचे नाही असे. आमच्या सरकारी मराठीत मात्र त्याचे नाव पडले आहे 'वैश्विक ओळखपत्र'. हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा मला गीतेचा अकरावा अध्याय आठवला. आमच्या गावच्या शिंप्याला विश्वाची ओळख! दादाला अर्थ समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "विश्वाचं ऱ्हाऊ दे, तालुक्याच्या ष्टँडवर वळखलं तरी बास."

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. 'सवलत' हा शब्द आपल्याकडे अरबी 'सुहूलत'वरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ सूट नव्हे, माफी नव्हे, दान तर नव्हेच. अर्थ आहे सोपेपणा. एखादी गोष्ट माणसाला सोपी व्हावी ती सवलत. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, आणि पुढे पाट्या, अर्ज, शिक्के सगळीकडे अपंगांचे दिव्यांग झाले. दादाला त्याचे सुख नाही आणि दुःखही नाही. अर्जात तो जे छापलेले असेल ते भरतो आणि घरी स्वतःला लंगडा म्हणतो. आम्ही म्हटलेले त्याला चालत नाही.

तर नवे कार्ड काढायचे ठरले. जुने प्रमाणपत्र जोडले होते, पण त्याची मूळ नोंद कुठल्या वहीत आहे हे कुणाला सापडेना. तेव्हा नव्याने तपासणी करा, असे उत्तर आले. कोणत्या रुग्णालयात, ते सांगत नाही. सगळीकडे थोडेफार असेच असावे. अर्ज भरल्यापासून चार महिन्यांनी एका बुधवारी बोलावणे आले. मी रजा काढली. पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत, अंधारातच, मी दादाच्या कानाशी तोंड नेऊन एक गोष्ट बोललो, आणि ती इथे लिहिताना मला संकोच होतो आहे.

मी म्हणालो, "दादा, डॉक्टरांपुढे जरा सावकाश चाल. थोडं वाढवून चाल."

तो काहीच बोलला नाही. मला वाटले, ऐकू गेले नसेल.

रुग्णालयाच्या ओसरीत पन्नास-साठ माणसे बसली होती. एक आई आपल्या विशीतल्या मुलाला पाठीवर घेऊन आली होती. एक आजोबा होते, त्यांचा पाय गुडघ्याखाली नव्हता, ते शेजारच्याला विचारत होते, "नसलेला पाय दर खेपेला येऊन दाखवायचा म्हंजे कसा दाखवायचा?" त्यावर सगळी ओसरी हसली. उत्तर कुणाकडे नव्हते. २०२४ साली बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हापासून तपासणी कसून होते, असे तिथला शिपाई सांगत होता. ते योग्यच आहे. फक्त, खोटे कुणी केले आणि कसून कुणाला तपासले जाते, याचा हिशेब त्या ओसरीत बसून जुळत नाही.

दादाचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. पण एकदाही वसकले नाहीत. पायाची तपासणी कशी होते हे मी तेव्हा प्रथम पाहिले. सांधा किती हलतो, स्नायूत जोर किती, हे तर मोजतातच. त्याशिवाय नऊ गोष्टी करून दाखवायच्या असतात. सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. जे जमत नाही त्याचे गुण मिळतात. साऱ्या आयुष्यात ही एकच परीक्षा मी अशी पाहिली, जिच्यात नापास झालेल्याला गुण आहेत.

"काका, चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

आणि दादा चालला. काठी भिंतीला लावून ठेवून चालला. १९८५ साली देशभर लसीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या आठ-नऊ वर्षे आधी, दोन वर्षांचा असताना, ज्याचे पाय गेले तो माझा भाऊ त्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असा काही ताठ चालला, की मी त्याला तसे चालताना एकदाच पाहिले होते. वहिनीच्या माहेरची माणसे त्याला बघायला आली होती तेव्हा. मी दारातून त्याला खुणा करत होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि नजर काढून घेतली.

"मांडी घालता येते?"

दादाने घातली. एक पाय हाताने उचलून दुसऱ्यावर ठेवला, घाम आला, पण घातली. पंगतीत सगळ्यांबरोबर बसता यावे म्हणून वयाच्या दहाव्या वर्षी माजघरात रोज रात्री तो मांडी घालायला शिकत असे. आई दिवा धरी, आणि मी शेजारी झोपेचे सोंग घेऊन पडलेला असे. ते दहा वर्षांच्या पोराचे श्रम डॉक्टरांच्या कागदावर उतरले, पण उलट्या बाजूने.

मग आकडेमोड झाली. तीही सरळ नव्हे. एका पायाचे पन्नास आणि दुसऱ्याचे तीस मिळून ऐंशी होतात असे मला वाटले होते. तसे होत नाही. मोठा आकडा घ्यायचा, नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याने लहान आकड्याला गुणायचे, नव्वदाने भागायचे आणि मोठ्या आकड्यात मिळवायचे. डॉक्टरांनी गणित कागदावर करून दाखवले. उत्तर आले त्रेसष्ट आणि वर अपूर्णांक. जुने सत्तर कुणी कसे काढले होते, हे त्यांना सांगता येईना. "नजरेनं दिलं असेल त्या काळी," ते म्हणाले. पुढे पिवळ्या पट्टीचे कार्ड घरी आले. चाळीस ते ऐंशीमधल्यांना पिवळे, ऐंशीच्या वर निळे, चाळिसाच्या खाली पांढरे. दादाची सवलत होती तशीच राहिली, कारण तिला चाळीस पुरतात. गेले ते फक्त माझे अर्धे तिकीट, आणि हे आम्हाला कळले लग्नाच्या गाडीत, कंडक्टरच्या तोंडून.

त्याच गाडीत आणखी एक गोष्ट घडली. आमची तिकिटे निघताना पाहून मागच्या बाकावरचे एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सगळ्यांनाच फुकट! मग गाडी चालायची कशी?" कंडक्टरने शांतपणे सांगितले की सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देते. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आमच्याच करातून."

मला उत्तर सुचले नाही. मला वादात उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी सुचते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या आमच्या कायद्याच्या मित्राने पुरवले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने आपल्या बसगाड्यांतून सत्तरीपुढच्या पुरुषांना आणि पासष्टीपुढच्या बायकांना फुकट प्रवास दिला होता. प्रेस्कॉट नावाचा एक करदाता कोर्टात गेला. १९५४ साली कोर्टाने निकाल दिला तो नगरपालिकेच्या विरुद्ध: करदात्यांच्या पैशांतून असा अहेर करण्याचा तुम्हाला अधिकार नाही. झाले! सवलत बेकायदा ठरली. पण पुढच्याच वर्षी तिथल्या पार्लमेंटने कायदा करून चालू असलेल्या सवलती वाचवल्या, आणि १९६४ मध्ये त्या देण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. म्हणजे मागच्या बाकावरचा गृहस्थ सत्तर वर्षांपूर्वी खटला जिंकलेलाही आहे, आणि तरी गाड्या चाललेल्या आहेत. आपल्याकडे तमिळनाडूने तर २०२१ साली शहरातल्या साध्या बसमध्ये अपंग माणसाला आणि त्याच्या एका साथीदाराला तिकीटच माफ केले. तिथे माझे दोन गुण कुणी मोजले नसते.

गृहस्थांचे एक म्हणणे मात्र मी टाकून देत नाही. बायकांना निम्मे तिकीट झाल्यापासून गाड्या भरून वाहतात. ज्या बाया वर्षातून दोनदा माहेरी जात त्या महिन्यातून दोनदा जातात, आणि ते बघून मला बरे वाटते. पण गर्दी वाढली की पहिला धक्का दादाला बसतो. अपंगांसाठी राखीव म्हणून लिहिलेल्या जागेवर कुणीतरी झोपेचे सोंग घेऊन बसलेले असते (ही कला मला परकी नाही, हे वर आलेच आहे). शिवाय गाडीची पहिली पायरी. दादाच्या गुडघ्याच्या वर येते ती. तिकीट पाव करा, शून्य करा, पायरी आहे तिथेच असते. वाहने अपंगांना चढता येतील अशी असावीत असे २०१६ चा कायदा सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की या सोयींचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत. बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा. आमच्या गावी येणारी सकाळची गाडी अजून तीच आहे. दादा तिला पाठ करून, दांडी धरून, आधी पायरीवर बसतो आणि मग वर सरकतो.

लग्नाहून परत आल्यावर मी कायद्याचे पुस्तक उघडले. प्रमाणपत्र मान्य नसेल तर अपील करता येते. ५९ वे कलम आहे. मी अर्ज लिहून काढला. भाषा चांगली साधली होती, आमच्या धंद्याचा तेवढा तरी उपयोग. दोन गुण कुठून तरी काढून पोराला पुढच्या वर्गात ढकलणे हे मी वीस वर्षे करत आलो आहे. अर्ज घेऊन गावी गेलो. दादा यंत्रावर बसला होता. त्याच्या शिलाईयंत्राला मोटार आहे, पाय मारावे लागत नाहीत. त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला, दोऱ्याचे टोक दातांनी तोडले आणि म्हणाला,

"ह्यात लिवलंय काय? मी हाय त्यापेक्षा दोन टक्के जास्त लंगडा हाय म्हणून?"

"तसं नव्हे रे. मोजणी पुन्हा करा, एवढंच."

"पुन्हा केली तर मी पुन्हा तसाच चालणार."

मी गप्प बसलो.

"गाडीत तू बोललास ते ऐकलं हुतं मी," तो म्हणाला. "सारा जलम मी चालून दावलं. आईला, मास्तरला, हिच्या बापाला. आता म्हातारपणी न चालून दावू व्हय? अर्ध्या तिकिटापायी?"

वहिनी चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. दादाच पुढे म्हणाला, "आन् तुला खरं सांगू का? तालुक्याला मी एकलाच जातो. दर शनिवारी. दोरा, काज्या, अस्तर, सगळं आणतो. तू आलास का सोबत घेतो. तुला बरं वाटतं म्हून."

इतकी वर्षे मी साथीदार होतो, त्याचा खुलासा हा असा झाला. वहिनीकडे पाहिले. तिने मान डोलवली. घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होते.

सरकारी कागदांना मात्र ही गोष्ट पचत नाही. रेल्वेची सवलत घ्यायची तर तिचे कार्ड निराळे, आणि त्यासाठी पायाने अधू माणसाबद्दल डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते की हा साथीदाराशिवाय प्रवास करू शकत नाही. एकट्याने हिंडायची ज्याने हिंमत केली, त्याची सवलत त्या हिंमतीपायी जायची! दादाला आम्ही रेल्वेचे कार्ड काढलेले नाही. आमच्या गावावरून रेल्वे जात नाही, हे एक कारण. दुसरे, ते वाक्य त्याच्यापुढे वाचायची माझी छाती नाही.

अपिलाचा अर्ज वहिनीने रद्दीत टाकला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर दादाने माझ्या मुलाच्या सदऱ्याची मापे लिहून घेतली.

तो सदरा घेऊन दसऱ्यानंतरच्या रविवारी दादा आमच्याकडे आला. एकटा. गाडीची वेळ वहिनीने फोनवर कळवली होती, म्हणून मी स्टँडवर अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. गाडी लागली. सगळे उतरले, मग दारात दादाची पाठ दिसली. मी धावलो. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"थांब थितंच," तो म्हणाला.

मी थांबलो. तो पायरीवर बसला, एक पाय हाताने खाली सोडला, मग दुसरा. दांडी धरून उभा राहिला. कंडक्टरने वरून काठी आणि पिशवी दिली, ती घेतली, आणि मग सदरा चुरगळला नाही ना हे पिशवीत डोकावून पाहिले.

मी रिक्षा करू म्हणालो. त्याने भाडे विचारले आणि नको म्हणाला. घर दोन चौकांवर आहे. आम्ही चालू लागलो. दुकानांतून आकाशकंदील लागले होते, रस्त्यावर गर्दी होती. त्याची काठी, मग पाय, मग पुन्हा काठी. मी आपोआप त्याच्या बेताने पावले टाकू लागलो. पहिला चौक ओलांडल्यावर तो म्हणाला,

"तू कशाला असा चालतोस? हितं काय डॉक्टर बसलाय?"